चुलीपर्यंतची वायर

अप्पांची दोरी सुतळीची होती. पेंडीची पोती शिवायची जी सुतळी, तिचे सहा पदर घेऊन ते स्वतः दुकानाच्या ओट्यावर बसून पिळायचे, टोकाला गाठ मारायचे आणि घागरीत भिजत ठेवायचे. घागर प्यायच्या पाण्याची. गिऱ्हाईक आलं की तिच्यातनंच तांब्या भरून द्यायचे, गिऱ्हाईक गेलं की तिच्यातनंच दोरी काढायचे. कोरडी दोरी नुसती वाजती. ओली दोरी कातडीला धरती आणि सुटताना सोलून नेती. हे मला कुणी सांगायला नको होतं.

लातूरला आमचं सरकी पेंडीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधल्या बोळात माझं टेबल. त्या टेबलावर मी गावातले रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचो. अप्पा कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून, लिंगपूजा करून मगच पाण्याला शिवायचे, आणि पूजा उरकली की दिवसाचा पहिला हात माझ्यावर पडायचा. पोती उतरवायला उशीर झाला म्हणून, भाकरी खाताना मान वर केली म्हणून, कधी नुसतं समोर आलो म्हणून. अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपाशी बसून शेंगाची चटणी कुटत राहायची. तिचा डावा कान गेला होता. कसा गेला ते आमच्या घरात कुणी विचारत नव्हतं. मारामारी सुरू झाली की ती उजवा कान भिंतीकडं करून बसायची.

मी तेव्हा लेकरू नव्हतो. लग्न झालेलं, मिशीत एखादा पांढरा केस आलेला, दोन वर्षांचा मुलगा रांगायचा सोडून पळायला लागलेला. पण आमच्यात बाप गादीवर बसलेला असेतोवर पोरगा पोरगाच असतो. 'बसव्या' म्हणून हाक आली की मी हातातलं टाकून पळायचो, गिऱ्हाइकांसमोर गालात खायचो आणि पोती उचलायला लागायचो. म्हणून हे प्रकरण मी माझ्या वाढण्याच्या गोष्टीत घालून राहिलो. कुणाला हसू आलं तर हसावं. माझं वाढणं उशिराच झालं.

आता जे लिहायचं ते आधीच लिहून टाकतो, नंतर हात अडेल. अप्पा मला मारायचे आणि मी महानंदाला मारायचो. माझी बायको. एक वर्ष होत आलं तिला जाऊन. लोक बायको गेली की ती किती सोशिक होती ते लिहितात. ती सोशिक नव्हती. धर्माबादच्या मिरचीवाल्याची लेक होती, शिवी दिली की पुडी बांधून परत करायची. मी हात उचलला की ती तोंड उचलायची, आणि तिचं तोंड बंद व्हायचं नाही म्हणून माझा हात थांबायचा नाही. अप्पांनी सकाळी दिलेलं मी दुपारपर्यंत तिच्या अंगावर उतरवून मोकळा व्हायचो आणि हलक्या मनानं सोल्डर गरम करायला बसायचो. ती त्याच हातांनी भाकरी थापायची. थापताना जरा जोरात आवाज यायचा, बस.

रेडिओचा नाद मला भूकंपाच्या वर्षी लागला. तेव्हा बाहेरगावाहून काही माणसं आली होती. टेलिफोन मेलेले असताना हे लोक लिंबाच्या झाडाला तार बांधून, मोटारीच्या बॅटरीवर छोटा सेट लावून मुंबई-मद्रासशी बोलत होते. कुठल्या कंपनीचे नाहीत, सरकारचे नाहीत, हौसेचे लोक. परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि आपल्या घरातनं जगाशी बोलायचं. त्यातल्या एकाचा चार्जर मी दुरुस्त करून दिला. तो होता नांदेडचा इंदरसिंग, रेल्वेच्या सिग्नल खात्यातनं निवृत्त झालेला, छातीभर पांढरी दाढी. मी सातवी पास. परीक्षेचं पुस्तक इंग्रजीत. महानंदा दहावी होती. ती पोळपाटावर पुस्तक ठेवून एकेक अक्षर वाचायची, मी ऐकून पाठ करायचो. दोन खेपा नापास झालो, तिसऱ्याला सुटलो. सेट सरदारजींनी आणि मी मिळून बांधला, त्यांच्या गुरुद्वाऱ्याजवळच्या खोलीत. म्हणजे ज्या बाईला मी मारत होतो तिच्याच डोक्यानं मला परवाना मिळाला. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आता रोज येतं.

मग कॉम्प्युटर आले. पहिला डबा एका टायपिंग क्लासनं भंगारात काढलेला, काळा पडदा, हिरवी अक्षरं, डॉसवर चालणारा. त्याच्यावर कट्ट-कट्टचा, म्हणजे मोर्सचा, एक छोटा प्रोग्राम चालायचा. हवेतनं आलेली कट्ट-कट्ट तो अक्षरं करून दाखवायचा आणि मी टाईप केलं की सेटकडनं कट्ट-कट्ट पाठवायचा. त्यासाठी कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टातनं सेटला एक वायर जाती. त्या वायरीत दाब आला की सेट ऐकायचं थांबवून बोलायला लागतो आणि त्याच्यावरचा लाल दिवा लागतो. एवढं एक वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, बाकी सगळं विसरलं तरी चालतं. लाल दिवा म्हणजे आपलं घर जग ऐकून राहिलंय.

दुसरा डबा मी सुटे भाग जमवून विंडोजचा बांधला, कारण त्याच्यावर नवा प्रकार चालत होता. आवाजाऐवजी नुसती अक्षरं हवेतनं जायची आणि पडद्यावर पाण्यासारख्या धारा वाहताना दिसायच्या. एकेक धार म्हणजे एकेक माणूस. सरदारजींनी एसटी कंडक्टरच्या हातानं सीडी पाठवली. तिच्यात तीन कप्पे, डॉसचा एक, विंडोजचा एक, आणि ते स्वतः वापरायचे त्या लिनक्सचा एक. सोबत चिठ्ठी. महानंदानं मोठ्यानं वाचली: 'एका मशीनवर चाललं म्हणजे दुसऱ्यावर चालेल असं समजू नको. आधी मशीनला काय पाहिजे ते बघ, मग प्रोग्राम निवड. सेटची वायर सगळ्यात शेवटी जोड. आणि माईक काढून ठेव.' चिठ्ठी वाचून ती म्हणाली, "शेवटी म्हणून दोन येळा खाली रेघ वढलीय बघा."

"मला शिकवू नको," मी म्हणालो.

माझ्याकडं आजही पोरं फोन करतात, काका, कोणतं सॉफ्टवेअर टाकू म्हणून. माझ्या टेबलावर आता तीन मशीन आहेत. सुनेचा जुना लॅपटॉप विंडोजचा, त्याच्यावर निवडायला लई आहे, निवडण्यातच दिवस जातो. लिनक्सचा डबा आहे, तिथं पोर्टाला हात लावायची मुभा आधी आपल्या नावावर करून घ्यावी लागती, नाही घेतली तर तो काही बोलतच नाही, गप बसतो, आणि माणूस वायरी बदलत मरतो. आणि मुलानं टाकून दिलेला मॅक आहे. तो प्रोग्राम सुरू झाला की आधी विचारतो, माईक ऐकू का? हो म्हणलं तरच ऐकतो. मला ते आवडलं. आमच्या घरात असं विचारणारं तेव्हा काहीच नव्हतं. पोरांना मी एकच सांगतो, सॉफ्टवेअर कोणतंही घे, पहिल्यांदा चालू करताना सेटची वायर काढून ठेव. का ते सांगत नाही. ते इथं सांगतो.

ती सकाळ होती. सात वाजायचे होते. सातला चाळीस मीटर म्हणतात त्या रेडिओच्या पट्ट्यावर आमच्या लोकांची बैठक भरायची, हैदराबादपासून खाली पार मद्रासपर्यंतची माणसं एकाच जागी येऊन राम राम घालायची. मी पहाटेपासून नव्या मशीनशी झुंजत होतो. पोर्टात दोन तारा असतात. काही प्रोग्राम एका तारेनं सेटला हुकूम देतात, काही दुसरीनं. कोणती कोणाची हे बघायचा कंटाळा, म्हणून मी दोन्ही तारा पिळून एकच सोल्डर मारला. कुठलीही चालू दे. आणि माईक सारखा काढा-घाला नको म्हणून तोही त्याच जोडात बसवून खिळ्याला टांगून ठेवला. वायर आधी जोडली, प्रोग्राम मग चालू केला. प्रोग्रामनं जागा होतानाच एका तारेत दाब दिला. माझ्या हातानं पिळलेली तार, दोष माझा. सेट बोलायला लागला आणि बोलतच राहिला.

मला ते दिसलं नाही. दुकानातनं पेंडीची धूळ उडायची, म्हणून महानंदानं सेटला जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती. आकड्यांपुरती चौकट कापलेली, लाल दिव्यावर कापड. मी पडदा बघत बसलो. एक धार नाही. काळा. आवाजही नाही, पण आवाज कॉम्प्युटरात वळवलाय म्हणून सेट मुका झाला असं मी समजलो. सेटिंग बदलून राहिलो, बंद करून चालू करून राहिलो, पडदा तसाच. सात वाजून गेले. सगळी माणसं तिथं बसलेली असणार आणि मला एकही दिसेना. डोकं तापत गेलं.

तेवढ्यात अप्पा आले. बाहेर पेंडीची गाडी लागली होती आणि मी बोळात.

"बसव्या, पोती तुझा बाप उतरवणार व्हय रं?"

"आलो अप्पा, पाचच मिन्टं."

"पाच मिन्टं म्हणतंय. टीव्हीपुढं बसून पाच मिन्टं म्हणतंय भाड्या!"

दोरी ओलीच होती. पहिला फटका मानेवर, दुसरा कानावर, मग मोजले नाहीत. मी टेबलाला धरून उभा राहिलो, कारण खाली बसलो तर लाथा बसायच्या हे ठाऊक होतं. सदरा पाठीला चिकटला. अप्पा दम लागून थांबले, थुंकले, दोरी घागरीत टाकून गाडीकडं गेले. मी कधीच बोलायचो नाही.

महानंदा हळदीची वाटी घेऊन आली. विश्वनाथ, आमचा मुलगा, टेबलाखाली जाऊन बसला होता, दोन बोटं तोंडात. ती माझा सदरा सोडवायला लागली आणि मधेच थांबली.

"अवो, त्या खोळीतनं लाल दिसून राहिलंय. आन् कायतरी करपल्याचा वास..."

"गप बस."

"आवं बघा तरी. चिठ्ठीत लिव्हलंतं, वायर शेवटी..."

मी वळलो आणि मारलं. थोबाडात, हाताच्या मागच्या बाजूनं. हळदीची वाटी भिंतीवर गेली. ती पडली नाही, म्हणून परत मारलं. केस धरून मागं ढकललं तर टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर तिचं कपाळ आपटलं. नारळ फोडावा तसा आवाज झाला. तरी ती ओरडली नाही, बोलली. कपाळातनं रक्त भुवईवर येऊन टपकत होतं आणि ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, "मारा. आजून मारा. बापानं दिल्यालं समदं माझ्या अंगावर उतरवा. बापापुढं तोंड उघडत न्हाई, बायकोपुढं वाघ! या घरात एक तरी मरद हाय का? आवो मामा, या, बघा, तुमचं पोरगं तुमच्यावरच गेलं!" मी तिच्या तोंडावर हात दाबला. ती चावली. मी तिच्या पोटात गुडघा घातला. विश्वनाथ टेबलाखालून किंचाळला. तेव्हाच खोळीतनं पांढरा धूर आला, चट्ट आवाज झाला आणि सेट जळून बंद पडला.

हे सगळं मी आज चष्मा लावून, टेबलापाशी बसून, सावकाश लिहून राहिलोय. माझा उजवा हात लिहितोय, तोच हात. अंगठ्याच्या बुडाशी तिच्या दातांची खूण अजून आहे. ती होती तोवर मला ती खूण दिसायची नाही. आता दिवसातनं दहादा बघतो.

ती त्याच दिवशी माहेरी गेली. कपाळाला टॉवेल बांधून, विश्वनाथला काखेत घेऊन, नांदेडच्या गाडीत बसली. अव्वानं तिला कडक भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली. अव्वा तिला काय म्हणाली ते मला वीस वर्षांनी कळलं. म्हणाली, "मला जायला जागा न्हवती. तुला हाय तर जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि सरदारजी उतरले. साडेतीन तासांचा एसटीचा प्रवास करून, त्या वयात. अप्पा गादीवर, मी पोती मोजत. सरदारजींनी पाणी घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. अप्पांसमोर उभे राहून म्हणाले, "शेठ, काल सकाळी तुमच्या घरात काय झालं ते मी ऐकलं. सुरू से आखिर तक. तुमची दोरीबी ऐकली."

अप्पा म्हणाले, "कोण तुम्ही? भिताडाला कान लावून बसला होता का?"

"मी नांदेडला माझ्या खोलीत चहा पीत होतो. मी एकटा नाही. पस्तीस-चाळीस स्टेशन होते त्या टायमाला. सगळ्यांनी ऐकलं. मद्रासचा एक म्हातारा आहे, नव्वद वर्षांचा, त्याला मराठी एक अक्षर येत नाही. तो विचारत होता, ये कौन रो रहा है, बच्चा कहाँ का है, पुलिस को बताओ. मला सांगता आलं नाही. क्या बोलता? मेरा शागिर्द है बोलता?" मग माझ्याकडं वळले. खिशातनं कागदाची पुडी काढली. "सेट जळला असणार. त्याचे दोन ट्रान्झिस्टर आणलेत मी. पण हे तुला देणार नाही. मैं धर्माबाद जा रहा हूँ, बहन मायके ही गई होगी, उसको दूँगा. तिला वाटलं तर ती देईल." आणि रिक्षात बसून गेले.

अप्पांचं तोंड भस्मासारखं झालं होतं. मारल्याचं त्यांना काही नव्हतं, पण चाळीस घरांत त्यांचं नाव गेलं. उठले, घागरीत हात घातला. "घराची अब्रू हवेत सोडली, हरामखोरा." दोरी वर गेली आणि मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी डाव्या हातानं माझा गळा धरला. मी मनगट पिळलं, पोत्याची सुतळी पिळतात तसं, आणि पिळतच राहिलो. ते गुडघ्यावर आले तरी सोडलं नाही. आत काहीतरी कडकन मोडलं ते माझ्या बोटांना कळलं. अप्पा पेंडीच्या पोत्यावर आडवे होऊन लेकरागत ओरडत होते आणि मला बरं वाटत होतं. लई बरं वाटत होतं. आता मी मोठा झालो, असं मला वाटलं. हाडवैद्याकडं त्यांना घेऊन जातानाही तेच वाटत होतं. सत्य हे की त्या दिवशी लातुरात आणखी एक अप्पा तयार झाला होता, एवढंच.

धर्माबादला मी चौथ्या दिवशी गेलो. मिरचीचा हंगाम. सासऱ्यांच्या आवारात लाल ढीग, बायका तोंडाला पदर बांधून देठं मोडत बसलेल्या, आणि हवेत असा खाट की दारातच मला ठसका लागला. मेहुण्यानं मला बघितलं आणि हातातलं लाकडी फावडं घेऊनच आला. "रा बावा, रा," म्हणाला तेलुगूत, म्हणजे ये दाजी, ये, आणि दांड्यानं माझ्या पोटरीवर असा हाणला की मी ढिगातच बसलो. दुसरा खांद्यावर. मिरच्या डोळ्यांत, नाकात, अप्पांनी सोलून ठेवलेल्या पाठीत. मी उठायला गेलो नाही. बायका हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "आजून एक घाल रं, लातूरचं कोरडं हाय, तिखट नीट लागंना."

"बास," महानंदा म्हणाली. ती पोत्यांच्या थप्पीवर बसली होती, कपाळाला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. मांडीवर सरदारजींची पुडी. "दादा, बास. बोलायपुरता ठिव त्याला."

मी समोर उभा राहिलो. डोळ्यांतनं, नाकातनं पाणी वाहत होतं आणि ते मिरचीचं होतं. चूक झाली, परत होणार नाही, असं बोलायचं मी गाडीत पाठ केलं होतं. तोंड उघडलं तर नुसता खोकला आला. बरंच झालं. तिनं असल्या चुका कितीदा ऐकल्या होत्या.

तिनं पुडी उघडली, दोन्ही ट्रान्झिस्टर तळहातावर घेतले, बघितले. "एवढंसं तर हाय."

"हाव."

"सरदारजी म्हणले, तार चुकीची जोडली म्हणून समद्यांनी ऐकलं. खरं का?"

"हाव. दुरुस्त करतो ते. वेगळ्या करतो तारा."

"करा. पण आधी मला सांगा, ती वायर किती लांब नेता येती?"

मला कळलं नाही. "कुठं नेयची?"

"चुलीपर्यंत येती का?"

मी तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती.

"दारावरच्या घंटीचं बटन असतं न्हाई का, तसलं एक पायजे मला. चुलीच्या वरल्या भिताडाला, माझ्या हाताच्या उंचीवर. दाबलं की दिवा लागला पायजे आन् माईक चालू झाला पायजे. तुम्ही हात उचला, न्हाई तर तुमचा बाप उचलू दे. मी काय बोलणार न्हाई, रडणार न्हाई. नुसतं दाबून धरणार. सकाळी सातला उचला न्हाई तर दुपारी, कुणी ना कुणी ऐकतच असतंय म्हणले सरदारजी."

"परवाना जाईल माझा," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

"जाऊ द्या की. मंग बायको ठेवा न्हाई तर परवाना ठेवा."

त्या आवारात, मिरचीच्या ढिगात, पोटरी सुजलेली असताना माझ्या ध्यानात आलं की ती माझ्या शब्दावर घरी येऊन राहिलेली नाही. माझ्या शब्दाची तिच्यापाशी काही किंमत उरली नव्हती. ती वायरीवर येऊन राहिली होती. अप्पांचं मनगट मोडून मोठा झालो असं समजणाऱ्या माणसाला दहावी पास बाईनं एका वाक्यात जागेवर बसवलं. मी हाव म्हणालो.

घरी येऊन सेट दुरुस्त केला. दोन्ही तारा सोडवल्या, डॉसच्या मशीनला एक, विंडोजला दुसरी, आणि मधे बदलायचा खटका बसवला. माईकला वेगळा रस्ता दिला. आणि त्या सगळ्यांच्या वरनं बटनाची वायर थेट सेटला नेली. कॉम्प्युटर कोणताही असो, प्रोग्राम कोणताही असो, बंद असो का चालू, बटन दाबलं की सेट बोलणार. बोळातनं, अव्वाच्या पाट्याच्या मागनं, चुलीवरच्या भिंतीपर्यंत बारा हात वायर लागली. महानंदानं कात्री घेऊन खोळीला लाल दिव्यापुरतं गोल भोक पाडलं. अव्वा बघत होती. वायर तिच्या डोक्यावरनं गेली तेव्हा तिनं विचारलं, "हे बटन मी दाबलं तर चालतंय का?"

अप्पा हात गळ्यात बांधून फिरत होते. पंधरा दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी हुग्गी पातळ झाली. घरात सणाला गव्हाची घट्ट हुग्गी, म्हणजे खीर, व्हायची, त्या दिवशी गूळ जास्त पडला. अप्पांनी ताट अव्वाच्या अंगावर भिरकावलं. गरम हुग्गी तिच्या मांडीवर सांडली. मी उठायच्या आत त्यांनी डाव्या हातानं चुलीतलं जळतं लाकूड काढलं. महानंदा जागेवरनं हलली नाही. तिनं नुसता हात वर केला आणि बटनावर अंगठा ठेवला. बोळात, खोळीच्या भोकातनं दिवा लागला. लाल, भुईमुगाच्या दाण्याएवढा. अप्पांनी तो बघितला. लाकडाचं टोक धूर सोडत होतं. अव्वा कण्हत होती आणि ते कण्हणं हवेत चाललं होतं.

अप्पांनी लाकूड चुलीत परत सरकवलं. महानंदानं अंगठा काढला. दिवा विझल्याबरोबर सेटमधनं खरखरत आवाज आला, सरदारजींचा, "बहन? सब ठीक है? बोलो बहन." त्याच्यामागं दुसरा, तिसरा, अनोळखी आवाज, कुणी तमीळ, कुणी इंग्रजी, सगळे एकमेकांवर चढून विचारत होते. अप्पा ते ऐकत उभे राहिले. मग सांडलेल्या हुग्गीच्या कडेला पाट ओढून बसले आणि म्हणाले, "भाकरी वाढ."

महानंदानं वाढली. त्यानंतर अप्पा आठ वर्षं जगले. दोरी घागरीत सडून गेली. माझा हात एकदा वर गेला होता, खोटं लिहीत नाही. ती चुलीकडं गेलीसुद्धा नाही, नुसतं तिकडं बघितलं.

आता चूल नाही, गॅस आहे, पण बटन त्याच भिंतीला आहे, तेलाच्या हातांनी काळं झालेलं. महानंदा गेल्यापासून ते कुणी पुसलेलं नाही. विश्वनाथ तिशीच्या आसपास आहे. माझ्याशी नीट बोलतो. गेल्या महिन्यात मी नवीन सॉफ्टवेअर तिन्ही मशीनवर चढवत बसलो होतो. लिनक्सवर पोर्टाची मुभा घेतली, मॅकला माईक ऐक म्हणून सांगितलं, लॅपटॉपवर पोर्टाचा नंबर शोधत होतो. सूनबाई, सुवर्णा तिचं नाव, भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज जरा जोरात होता. तो आवाज मी ओळखतो.

"मामा," ती न वळता म्हणाली, "आत्याबाईंचं हे बटन नव्या कॉम्प्युटरला चालतंय का हो?"

माझं बोट माऊसवर तसंच राहिलं. तिनं बाही मनगटापर्यंत ओढलेली होती, एवढ्या उन्हाळ्यात.

"त्याला कॉम्प्युटर लागत न्हाई, बाई," मी म्हणालो. "ते समद्यांच्या वर हाय."

"मंग वायर तेवढी बघा. मधे उंदरानं कुरतडली दिसून राहिली."

मी सोल्डर गरम केला. गुडघे टेकवत नाहीत आता, तरी बोळात आडवा होऊन बारा हात वायर नवी ओढली. टेबल सरकवून सेट दारासमोर आणला, घरात पाऊल टाकणाऱ्याला पहिला तोच दिसावा असा. विश्वनाथ कामावरनं आला तेव्हा मी आतनं ओरडलो, "सुवर्णा, दाब!"

दिवा लागला. विश्वनाथ एक बूट काढलेला, एक पायात, तसाच उंबऱ्यात थांबला. तो दिवा लागलेली सकाळ त्यानं आधी बघितलेली आहे, टेबलाखालनं, दोन बोटं तोंडात घालून.

"बाबा, कोण बोलून राहिलंय?" त्यानं हळूच विचारलं.

"आजून तरी कुणी न्हाई," मी म्हणालो. "हात धू. जेवायला बस."